लायलॅकचे स्वप्न आणि चेन्नईची गच्ची

बदलीच्या आदेशाबरोबर घर बदलते, शेजार बदलतो, बाजारातील भाषाही बदलते. मात्र बागेची हौस माणसाबरोबर नव्या गावी जाते. पुणे, नाशिक वा नागपूर येथून चेन्नईला आलेले मराठी कुटुंब सामानसुमान लावून झाले की महिन्याभरात गच्चीवर चार कुंड्या मांडते. पुढील वर्षभरात त्यांतील दोन-तीन झाडे दगावतात आणि ‘या गावात काही जगत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक दोष गावाचा नसतो आणि झाडांचाही नसतो. जुन्या गावाचे वेळापत्रक नव्या गावी लागू केल्याचा तो परिणाम असतो. एका परदेशी फुलझाडाच्या निमित्ताने ही गोष्ट चांगली समजून घेता येते. ते झाड म्हणजे लायलॅक.

अमेरिकेत वा युरोपात स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडे मे महिन्यात गेलेल्या आईवडिलांना हे झुडूप हमखास भेटते. हृदयाच्या आकाराची पाने, फिकट जांभळ्या फुलांचे भरघोस तुरे आणि साऱ्या अंगणात दरवळणारा गंध पाहून मन लुब्ध होते. त्याच्या बुटक्या जाती तर कुंडीसाठीच घडवल्यासारख्या दिसतात. असे एखादे झुडूप चेन्नईच्या गच्चीवर का असू नये, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे.

लायलॅकची ओळख

लायलॅकचे शास्त्रीय कुलनाम सिरिंगा. युरोपातील बागांत दिसणारी नेहमीची जात मूळची बाल्कन प्रदेशातील डोंगराळ भागाची. सोळाव्या शतकात ऑस्ट्रियाचा राजदूत बुसबेक याने ती कॉन्स्टँटिनोपलहून व्हिएन्नाला नेली, असे मानले जाते. तिचे नाव मात्र भारतीय कानांना परके वाटू नये. फारसीतील ‘नीलक’ किंवा ‘लीलक’ म्हणजे निळसर, आणि त्यामागे आहे संस्कृतातील ‘नील’ हा शब्द. हिमालयातही सिरिंगा एमोडी ही लायलॅकची एक जात उंच थंड उतारांवर आढळते.

बुटक्या जातींपैकी दोन विशेष लोकप्रिय आहेत. ‘पॅलिबिन’ ही मूळच्या चिनी लायलॅकची जात साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीची होते. ‘मिस किम’ ही तिच्यापेक्षा थोडी उंच. एल्विन मीडर या अमेरिकन उद्यानतज्ज्ञाने १९४७ साली कोरियातील डोंगरावरून आणलेल्या बियांपासून ती तयार झाली आणि १९५४ मध्ये बागायतदारांच्या हाती आली.

थंड प्रदेशात या झुडपांची निगा फारशी कठीण नसते. रोज सहा तास ऊन, पाण्याचा उत्तम निचरा आणि आम्लता नसलेली माती एवढ्यावर ती संतुष्ट असतात. पाळावयाचा मुख्य नियम छाटणीचा आहे. लायलॅकच्या पुढील वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच जुन्या फांद्यांवर तयार होतात. म्हणून फुले ओसरताच दोन-तीन आठवड्यांत छाटणी उरकावी लागते. हिवाळ्यात कात्री लावली तर पुढील वसंतातील फुलेच कापली जातात.

थंडी : झाडाची निद्रा

तयार झालेल्या या कळ्या हिवाळाभर गाढ निद्रेत असतात. त्या जाग्या होण्यासाठी झाडाला साधारण सात अंश सेल्सिअसखालील थंडीचे शेकडो, पुष्कळ जातींत हजारांहूनही अधिक, तास मिळावे लागतात. ही थंडी पुरेशी मिळाली म्हणजेच हिवाळा खरोखर सरला, अशी झाडाची खात्री पटते. एखाद्या उबदार दिवसाने फसून अवेळी फुलू नये, यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज आहे.

चेन्नईत जानेवारीतील रात्रीही सहसा वीस अंशांच्या आसपास असतात. शहराचा आजवर नोंदलेला नीचांकदेखील तेरा अंशांच्या खाली गेलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियासाठी कमी थंडीवर फुलणाऱ्या काही लायलॅक तयार करण्यात आल्या. परंतु तेथील हिवाळी रात्रीइतका गारवासुद्धा चेन्नईला कधी लाभत नाही. येथे आणलेले रोप काही महिने पाने काढील, उन्हाळ्यात करपेल आणि बहुधा न फुलताच संपेल. ते महिने मोठ्या आशेने पाणी घालण्यात जातात, हे अधिक दुःखाचे.

परदेशाहून परतताना एखादी फांदी वा रोप सामानातून आणण्याचा मोहही टाळावा. २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशानुसार आयातपरवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र यांशिवाय लावणीसाठी रोपे वा फांद्या देशात आणता येत नाहीत. परक्या मातीतील कीड वा बुरशी येथील शेतीत शिरू नये, हा त्यामागील हेतू आहे.

नावांचा गोंधळही ध्यानात ठेवावा. इंग्रजीत कडुनिंबाला ‘इंडियन लायलॅक’ आणि बकाण निंबाला ‘पर्शियन लायलॅक’ म्हणण्याची प्रथा आहे. या दोन्ही वृक्षांचा खऱ्या लायलॅकशी काहीही संबंध नाही. त्यामुळे केवळ नाव वाचून रोप किंवा बियांचे पाकीट घेणाऱ्याच्या गच्चीवर भलताच वृक्ष वाढू लागण्याचा संभव असतो.

घरचेच भावंड : मोगरा

लायलॅक ज्या ओलिएसी कुळातील आहे, त्याच कुळात ऑलिव्ह, पारिजातक आणि जाई, जुई, चमेली, मोगरा हा सारा सुगंधी परिवार येतो. फुलाची तळाशी नळी आणि वर पसरलेल्या पाकळ्या, तसेच संध्याकाळी दाटणारा गंध यांतून हे नाते ओळखू येते. म्हणजे लायलॅकचे जवळचे भावंड चेन्नईच्या प्रत्येक रस्त्याच्या कोपऱ्यावर टोपलीत बसलेले असते. फूलवाल्या बाईने कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत गजरा मोजून दिला की तो एक ‘मुळम’ होतो.

रोपवाटिकेत जाताना तमिळ नावे पाठ असणे सोयीचे ठरते. मोगरा म्हणजे ‘मल्ली’ आणि त्यातील गोल, टपोऱ्या कळीचा ‘गुंडुमल्ली’. जुईला ‘मुल्लै’ म्हणतात. प्राचीन तमिळ काव्यात वनप्रदेशाला याच फुलाचे नाव दिलेले आहे. चमेलीला ‘जादिमल्ली’ किंवा ‘पिच्ची’ आणि पारिजातकाला ‘पवळमल्ली’, म्हणजे पोवळ्याच्या देठाची मल्ली, असे नाव आहे. मदुराईच्या मल्लीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चेन्नईच्या गच्चीसाठी या साऱ्यांत गुंडुमल्ली सर्वांत सोयीची; कारण ती आटोपशीर झुडूप म्हणून राहते, तर जुई आणि चमेली यांना आधार व अधिक जागा लागते.

आता दोन भावंडांतील महत्त्वाचा भेद पाहू. लायलॅक जुन्या फांदीवर फुलते, मोगरा नव्या फुटीवर. म्हणून लायलॅकची छाटणी फुलोऱ्यानंतर लगेच, तर मोगऱ्याची भरघोस छाटणी फुलोऱ्याच्या आधी करावयाची असते. लायलॅकला विश्रांती थंडी देते. चेन्नईत ती थंडी नाही. म्हणून मोगऱ्याला विश्रांती माळ्याने द्यावी लागते. गच्चीवरील हिवाळा हा असा हाताने घडवावा लागतो. ज्यांचा मोगरा वर्षभर हिरवागार असूनही फुलत नाही, त्यांच्याकडे बहुधा हीच गोष्ट राहून गेलेली असते.

ही युक्ती मराठी शेतकऱ्याला नवी नाही. नागपूरच्या संत्र्याचा आंबिया बहार असो वा सोलापूरच्या डाळिंबाचा हस्त बहार असो, बागायतदार काही काळ पाणी तोडून झाडाला ‘ताण’ देतो आणि मग खतपाणी देऊन बहार धरतो. कुंडीतील मोगऱ्याला हाच न्याय लहान प्रमाणात लावावयाचा असतो.

ताण आणि छाटणी

तमिळनाडूत मोगऱ्याच्या शेतीत नोव्हेंबरअखेरीस झुडपे जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीवर छाटण्याची पद्धत आहे. चेन्नईच्या गच्चीवर मात्र त्या सुमारास पाऊस चालूच असतो आणि पावसात ताण बसत नाही. म्हणून पाऊस ओसरल्यावर, डिसेंबरच्या अखेरीस पाणी कमी करावे. आठ-दहा दिवस पाणी अगदी बेताचे ठेवले की पाने मलूल होऊ लागतात. झाड पूर्ण वाळेपर्यंत मात्र थांबू नये. कुंडीतील माती जमिनीपेक्षा फार लवकर कोरडी पडते.

त्यानंतर धारदार, स्वच्छ कात्रीने वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या मुळापासून काढाव्यात. उरलेल्या निरोगी फांद्या मातीपासून वीतभर ते फूटभर उंचीवर कापाव्यात आणि राहिलेली पानेही खुडून टाकावीत. झाड बोडके दिसते आणि घरातील मंडळी हळहळतात. पण येथे मायेपेक्षा धीर उपयोगी पडतो. संक्रांत, म्हणजे तिकडचा पोंगल, आला की छाटणी संपली पाहिजे, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे.

छाटणीनंतर वरची दोन बोटे माती उकरून काढावी आणि त्या जागी दोन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत वा गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड आणि थोडा हाडांचा चुरा घालावा. मग भरपूर पाणी द्यावे. काही आठवड्यांत तांबूस-हिरवे फुटवे दिसू लागतात आणि मार्चच्या सुमारास पहिल्या कळ्या येतात. एक बहार संपला की फुले आलेल्या टोकांची दोन-तीन पेरी खुडावीत. पुढील फुटीवर पुन्हा कळ्या धरतात. अशी काळजी घेतल्यास सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत फुले मिळत राहतात. युरियासारखे नत्रयुक्त खत अधिक दिल्यास झाड पानांनी माजते आणि कळ्या रुसतात.

कुंडी, माती आणि ऊन

मोगऱ्यासाठी १२ ते १४ इंच व्यासाची, तळाशी मोकळी छिद्रे असलेली कुंडी घ्यावी. दोन भाग तांबडी माती, एक भाग जाडसर वाळू आणि एक भाग कुजलेले खत हे मिश्रण उत्तम. अड्यार, तिरुवान्मियूर, सँथोम अशा किनाऱ्यालगतच्या भागांत जमीन रेताड आहे. तेथील माती वापरल्यास खताचे प्रमाण वाढवावे. त्यागरायनगर, पश्चिम मांबलम, अण्णानगर या भागांतील माती चिकण आहे. तिच्यात वाळू अधिक मिसळावी. नारळाच्या काथ्याचा भुसा ओल धरून ठेवतो; पण त्यात मीठ असू शकते. म्हणून तो दोन-तीन पाण्यांत धुऊनच वापरावा.

दिवसातून किमान पाच-सहा तास थेट ऊन ही मोगऱ्याची पहिली अट होय. सावलीतील मोगरा वेलीसारखा लांबत जातो व फुलत नाही. केवळ मे महिन्यातील ‘अग्नि नक्षत्रम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रखर उन्हाच्या आठवड्यांत कुंडीच्या बाजूंवर सावली पडेल अशी व्यवस्था करावी. मुळे भाजतात ती तापलेल्या कुंडीमुळे. शेजारी-शेजारी ठेवलेल्या कुंड्या एकमेकींना सावली देतात.

भिजलेली १४ इंची कुंडी सहज पंचवीस-तीस किलोंची होते. त्यामुळे कुंड्या गच्चीच्या मध्यभागी एकत्र न रचता कडेने, तुळई असलेल्या बाजूस, विटांवर वा स्टँडवर ठेवाव्यात. खालून हवा खेळती राहते, छिद्रे मोकळी राहतात आणि छतात ओल मुरत नाही. भाड्याच्या घरात तर घरमालकाशी संबंध गोड राहण्यासाठीही हे पथ्य आवश्यक आहे.

उलटा पावसाळा

महाराष्ट्रातून आलेल्या हौशी माणसाची सर्वांत मोठी चूक पावसाच्या हिशेबात होते. मृग नक्षत्र आले की रोपे लावायची, ही सवय अंगात भिनलेली असते. चेन्नईत मात्र जून हा कडक उन्हाळाच असतो. शहरात वर्षाला पडणाऱ्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. परिणामी जूनमध्ये लावलेले कोवळे रोप उन्हाने करपते. दसरा-दिवाळीला ‘पावसाळा संपला’ असे मानून बशीत ठेवलेली कुंडी पुढे महिनाभर पाण्यात उभी राहते आणि मुळे कुजतात.

म्हणून नवे रोप जुलै-ऑगस्टमध्ये, संध्याकाळच्या सरी सुरू झाल्यावर लावावे. म्हणजे मोठ्या पावसापूर्वी त्याची मुळे स्थिरावतात. दाब कलम आणि छाट कलम यांसाठीही हाच काळ चांगला. वीतभर लांबीची, ना कोवळी ना फार जून अशी फांदी ओलसर वाळूत लावली की काही आठवड्यांत मुळे फुटतात. ऑक्टोबर लागताच कुंडीखालील बशा काढाव्यात, छिद्रे काडीने मोकळी करावीत आणि खत देणे थांबवावे.

वादळाचा विचारही आधीच करावा. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळाने चेन्नईतील हजारो वृक्ष उन्मळून टाकले. अशा वेळी कठड्यावरील कुंडी खाली जाणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. वादळाचा इशारा मिळताच सर्व कुंड्या जमिनीवर, भिंतीच्या आडोशाला उतरवून ठेवणे हे बागेची हौस असणाऱ्याचे कर्तव्यच होय.

पाण्याचा जमाखर्च

पावसाने डिसेंबर २०१५ मध्ये जे शहर बुडवले, तेच शहर जून २०१९ मध्ये कोरड्या पडलेल्या जलाशयांमुळे टँकरच्या रांगेत उभे होते. अशा गावी बागेसाठी पाणी कोठून आणावे, हा प्रश्न शिष्टाचाराचाही आहे. शेजारी घागर घेऊन ताटकळत असताना कुंड्यांना नळी लावणे शोभत नाही.

त्यातच अनेक ठिकाणच्या बोअरचे पाणी खारट असते. कुंडीच्या कडेला जमणारा पांढरा थर आणि पानांची करपलेली टोके ही खाऱ्या पाण्याची खूण होय. पाणी शुद्ध करणाऱ्या आर.ओ. यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची पद्धत काटकसरीची वाटते. परंतु त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी धुण्यासाठी वापरावे, कुंडीत घालू नये. याउलट वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी हवेतील बाष्पापासून बनलेले व जवळजवळ क्षारविरहित असते. चेन्नईच्या दमट हवेत ते भरपूर मिळते. नळीखाली बादली ठेवली तर दोन-चार कुंड्यांची सोय सहज होते.

पावसाचे पाणी तर सर्वांत उत्तम. तमिळनाडूत २००३ मध्ये इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले. त्याच नळाला जोडून एखादे झाकणबंद पिंप भरून घ्यावे. पिंपाला बारीक जाळी लावल्यास डासांची भीती राहत नाही. पावसाळ्यात कुंड्यांतून भरपूर पाणी वाहून गेले की साचलेले क्षारही धुऊन निघतात. उन्हाळ्यात पाणी पहाटे वा सूर्यास्तानंतर द्यावे आणि मातीवर पालापाचोळ्याचे वा नारळाच्या सोडणांचे आच्छादन घालावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

कीड आणि रोग

कळ्यांना छिद्रे पडून त्या जाळ्याने एकत्र चिकटलेल्या दिसल्या, तर ते कळी पोखरणाऱ्या अळीचे काम असते. कळ्या न उमलता जांभळट होऊन वाळल्या, तर कळीमाशीचा संशय घ्यावा. दोन्ही वेळी अशा कळ्या खुडून पिशवीत बंद करून टाकून द्याव्यात. कुंडीत पडू देऊ नयेत. एक लिटर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण घालून सायंकाळी केलेली फवारणी बहुधा पुरते. उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी दिसतो. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास तो आटोक्यात येतो. शिरा हिरव्या राहून नवी पाने पिवळी पडली, तर ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट या प्रमाणात पंधरा दिवसांच्या अंतराने फवारणी करावी.

जांभळ्या रंगाची हौस

लायलॅकच्या गंधाची उणीव मोगरा भरून काढतो. रंगाची हौस मात्र राहते. ती क्रेप मर्टलच्या बुटक्या जातींनी भागवावी. उत्तर भारतात ‘सावनी’ म्हणून ओळखले जाणारे हे झुडूप इंग्रजीत ‘दक्षिणेचे लायलॅक’ म्हणवले जाते. ते मेंदीच्या कुळातील असून महाराष्ट्राचे राज्यफूल ताम्हण हे त्याचे थेट आप्त होय. त्याच्या जांभळ्या, गुलाबी वा पांढऱ्या चुणीदार पाकळ्यांचे तुरे दुरून लायलॅकचा आभास निर्माण करतात. तेही नव्या फुटीवर फुलते. त्यामुळे त्याची छाटणी मोगऱ्याबरोबरच जानेवारीत उरकता येते. दमट हवेत पानांवर पांढरी भुरी येऊ नये म्हणून त्यास वारा खेळेल अशा जागी ठेवावे.

चेन्नईतील मोगऱ्याचे वर्ष

• डिसेंबरअखेर ते संक्रांत : पाण्याचा ताण, छाटणी, खत.
• फेब्रुवारी : नवे फुटवे, नियमित पाणी, कडक ऊन.
• मार्च ते जून : मुख्य बहार, टोके खुडणे, आच्छादन, कोळीवर लक्ष.
• जुलै ते सप्टेंबर : नवी लावणी, कलमे, हलके खत.
• ऑक्टोबर ते डिसेंबर : निचरा, वादळाची दक्षता, पावसाचे पाणी साठवणे.

परगावी रुजताना माणसालाही तेथील ऋतू, पाणी आणि बोली समजून घ्यावी लागते. चेन्नईत आलेल्या कुटुंबाने पहिल्या पोंगलला धीराने मोगरा छाटला, तर पाडव्याच्या सुमारास गच्चीवर पहिल्या कळ्या दिसू लागतात. पूजेच्या ताटात घरचे फूल पडते आणि उरलेली ओंजळ शेजारच्या घरी जाते. शेजारच्या तमिळ मामी त्या कळ्यांचा गजरा ओवायला शिकवतात, आणि नव्या गावातील पहिली ओळख तेथूनच सुरू होते.